न्यायमंदिराचे ऋण

न्यायालयाला 'न्यायमंदिर' म्हणण्याचा प्रघात आपल्या भाषेत आता रूढ झाला आहे. हा शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की, त्यात एक मोठा दावा दडलेला आहे हे आपल्या ध्यानीही येत नाही. मंदिर म्हटले की आत देवता आहे असे गृहीत धरावे लागते. आणि देवता नसलेल्या वास्तूला देऊळ म्हणावे की नुसती दगडविटांची रास, हा प्रश्न मग ओघानेच उपस्थित होतो. भव्य न्यायालय बांधणारा समाज त्या इमारतीच्या मुखाने काही एक बोलत असतो. सबळ आणि दुर्बळ येथे एकाच मापाने मोजले जातील, असे तो सांगत असतो. हे बोलणे खोटे ठरले तर दोष कोणाचा? इमारतच खोटे बोलली असे म्हणावयाचे, की तिने दिलेले वचन माणसांनी मोडले असे म्हणावयाचे? आणि वचन एकदा मोडल्यावर त्या इमारतीचे करावयाचे काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. परंतु तो केवळ कल्पनेच्या प्रांतात न करता, अमेरिकेतील एका लहानशा गावच्या न्यायालयाच्या आधाराने करावयाचा आहे. कारण नीतीचे प्रश्न तत्त्वरूपाने कितीही रेखीव दिसले, तरी त्यांची खरी पारख एखाद्या ठिकाणी, एखाद्या दिवशी, विशिष्ट माणसांच्या हातूनच होत असते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे आपल्याकडील तालुक्या-जिल्ह्यासारखा राज्यकारभाराचा घटक. प्रत्येक काउंटीचे एक मुख्य गाव असते आणि त्या गावी काउंटीचे न्यायालय असते. दक्षिणेकडील व मध्यभागातील कित्येक गावांची रचनाच अशी आहे की, मधोमध एक चौक, चौकाच्या मधोमध न्यायालय आणि त्याच्या चारी बाजूंनी दुकाने, पेढी व वकिलांच्या कचेऱ्या. आपल्याकडील जुन्या गावात जे स्थान ग्रामदैवताच्या देवळाचे किंवा चावडीचे, तेच तेथे या इमारतीचे. शिवाय तेथे केवळ फिर्यादी चालतात असे नाही. जमिनीची खरेदीखते, मृत्युपत्रे, विवाहाचे परवाने, कराची वसुली, मतदारांची नोंद, ही सारी कामे बहुधा याच एका छपराखाली चालत आली. ज्या शेतकऱ्याने जन्मात कधी गुन्हा केला नाही त्यालाही आयुष्यात चारदोनदा तरी ती पायरी चढावी लागेच. म्हणूनच त्या समाजाचे स्वतःविषयीचे मत काय होते हे पाहावयाचे असेल, तर त्याच्या चर्चइतकेच त्याच्या न्यायालयाकडे पाहिले पाहिजे.

या इमारतींच्या घाटाला एक इतिहास आहे. टॉमस जेफर्सन हा राजकारणी तसाच शिल्पशास्त्राचाही व्यासंगी होता. फ्रान्समधील नीम या गावी असलेले रोमन देऊळ नमुन्यादाखल घेऊन त्याने १७८०–९०च्या दशकात व्हर्जिनियाच्या विधिमंडळाची रिचमंड येथील इमारत योजिली. नव्या प्रजासत्ताकाला राजवाड्याचा घाट नको होता. त्याने जुन्या प्रजासत्ताकाच्या देवळाचा घाट उचलला. पुढे पन्नासपाऊणशे वर्षे लहानसहान गावांतूनही खांबांच्या ओळी व त्रिकोणी शिरोभाग असलेली न्यायालये उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अभिरुची पालटली. हेन्री हॉब्सन रिचर्डसन (१८३८–१८८६) या वास्तुशिल्पज्ञाने पिट्सबर्ग येथील न्यायालयात जाड दगडी भिंती, गोल कमानी आणि उंच मनोरा यांचा जो मेळ घातला, त्याची छाप देशभर पडली. ग्रीक खांब जर विवेकाची भाषा बोलत असतील, तर या जाड भिंती स्थैर्याची भाषा बोलतात. 'आम्ही येथे कायमचे आहो. गर्दी येईल नि जाईल, आम्ही हालणार नाही,' असा त्यांचा आविर्भाव असतो. मनोऱ्यावरील घड्याळही सूचक आहे. ते श्रीमंताला एक वेळ आणि गरिबाला दुसरी वेळ दाखवीत नाही.

आतील रचनाही तितकीच बोलकी असते. न्यायाधीशाचे आसन उंच, पण साक्षीदाराची खुर्ची त्याच्या अगदी शेजारी. ज्यूरीच्या बारा खुर्च्या एका कठड्याआड. आणि प्रेक्षक व कामकाज यांच्यामध्ये एक लाकडी कठडा. बाहेरचा दर्जा बाहेर ठेवून यावे आणि येथे फक्त फिर्यादी, आरोपी, साक्षीदार, पंच एवढ्याच नात्याने वावरावे, असा त्या सर्व मांडणीचा अभिप्राय आहे.

आता आपण ज्या न्यायालयाकडे वळणार आहोत ते मिसिसिपी राज्यातील समनर या गावी आहे. मिसिसिपीत ब्याऐंशी काउंट्या आहेत आणि त्यांपैकी दहांना एकाऐवजी दोन-दोन मुख्य गावे आहेत. टॅलाहाची ही त्यांपैकी एक. तिचे एक न्यायालय पूर्वेकडे चार्ल्सटन येथे आणि दुसरे कापसाच्या सपाट मुलखात समनर येथे. समनर हे अगदी लहान गाव. वस्ती काही शेकड्यांची. परंतु १९१० च्या सुमारास बांधलेले तेथील न्यायालय गावाच्या मानाने पुष्कळच मोठे आहे. रिचर्डसनच्या पद्धतीच्या गोल कमानी, विटांचे भक्कम काम आणि घड्याळाचा उंच मनोरा. कोर्टाचे दालन वरच्या मजल्यावर, मोठमोठ्या खिडक्यांचे. १९१३ साली या इमारतीसमोर यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या सैनिकांचे स्मारक उभारण्यात आले. गुलामगिरी टिकविण्यासाठी जे राज्यसंघ फुटून निघाले त्यांच्या बाजूचे हे वीर. म्हणजे आत जाणाऱ्या कृष्णवर्णीय मनुष्याला प्रथम त्या पुतळ्याच्या पायथ्यावरून जावे लागे आणि मग कमानीखालून न्यायाच्या दालनात प्रवेश करावा लागे. इमारत एक बोलत होती आणि तिचे अंगण दुसरेच बोलत होते.

१९५५ च्या ऑगस्ट महिन्यात एमेट टिल नावाचा चौदा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा शिकागोहून मिसिसिपीत आपल्या आप्तांकडे सुट्टीसाठी आला होता. मनी नावाच्या खेड्यातील एका दुकानात, दुकानदाराच्या गोऱ्या पत्नीशी तो अमर्यादेने वागला असा बोभाटा झाला. २८ ऑगस्टच्या रात्री दुकानदार रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम यांनी त्या मुलाला त्याच्या आजोबांच्या नात्यातील मोझ राइट यांच्या घरातून उचलून नेले. तीन दिवसांनी टॅलाहाची नदीत त्याचे प्रेत सापडले. चेहरा ओळखू येण्याच्या पलीकडे गेला होता. बोटातील बापाच्या नावाची आद्याक्षरे कोरलेल्या अंगठीने ओळख पटविली. मुलाची आई मेमी हिने शिकागो येथे शवपेटिका उघडी ठेवूनच अंत्यविधी केला. आपल्या मुलाचे काय केले आहे ते जगाने पाहावे, एवढीच तिची मागणी होती. आणि हजारो लोकांनी ते पाहिले.

प्रेत टॅलाहाची काउंटीत सापडले म्हणून खटला समनर येथे चालला. १९ ते २३ सप्टेंबर १९५५ असे पाच दिवस. आरोपींच्या बचावासाठी गावातील पाचही वकील उभे राहिले. ज्यूरीचे बाराही सभासद गोरे पुरुष होते. हे योगायोगाने झाले नव्हते. ज्यूरीची निवड नोंदलेल्या मतदारांतून होत असे. आणि काउंटीच्या लोकवस्तीत कृष्णवर्णीयांचे बहुमत असताही त्यांच्यापैकी एकाचेही नाव मतदारांच्या यादीत नव्हते. स्त्रियांना तर त्या राज्यात १९६८ पर्यंत ज्यूरीत बसण्याचा अधिकारच नव्हता. कृष्णवर्णीय बातमीदारांसाठी दालनाच्या एका बाजूला पत्ते खेळण्याचे एक लहानसे टेबल टाकून दिले होते. डेट्रॉइटहून आलेले चार्ल्स डिग्ज हे अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सभासद होते. त्यांनाही त्याच टेबलाशी बसावे लागले. मुलाची आईही तेथेच बसली होती.

आईने साक्ष दिली की, ते प्रेत माझ्या मुलाचेच आहे. विली रीड नावाच्या अठरा वर्षांच्या तरुणाने एका कोठारातून मारहाणीचे आवाज ऐकल्याचे सांगितले. मोझ राइट हे चौसष्ट वर्षांचे वृद्ध. दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे, आणि धर्मोपदेशही करणारे. मुलाला नेणारा कोण, असे विचारताच ते साक्षीदाराच्या खुर्चीतून उठून उभे राहिले आणि त्यांनी भर कोर्टात मायलमकडे बोट दाखविले. त्या काळी त्या मुलखात काळ्या मनुष्याने गोऱ्या मनुष्यावर असे बोट रोखणे म्हणजे प्राणावर उदार होणे होते. बचावपक्षाचे म्हणणे असे की, प्रेताची ओळखच पटलेली नाही. आणि खुद्द शेरिफने या म्हणण्याला सोयीची अशीच साक्ष दिली. भाषणाच्या शेवटी बचावाच्या एका वकिलाने ज्यूरीला त्यांच्या अँग्लो-सॅक्सन रक्ताची आठवण करून दिली. ज्यूरी आत गेली आणि सदुसष्ट मिनिटांनी बाहेर आली. दोघेही निर्दोष! थंड पेय घेण्यासाठी थांबलो नसतो तर इतकाही वेळ लागला नसता, असे एका ज्यूररने म्हटल्याचे वृत्तपत्रांत आले. काही महिन्यांनी, १९५६ च्या जानेवारीत, त्या दोघांनी एका मासिकाकडून मोबदला घेऊन आपणच मुलाला मारल्याचे सांगून टाकले. एकाच गुन्ह्याबद्दल पुन्हा खटला करता येत नाही, या घटनेतील संरक्षणाची त्यांना जाण होती. दोघेही शेवटपर्यंत मोकळे राहिले आणि मोकळेच मेले.

ही हकीगत ऐकल्यावर पहिला विचार जो मनात येतो तो असा की, ती इमारत हेच मुळी एक ढोंग होते. किंबहुना ढोंगाहून वाईट. जमाव जेव्हा एखाद्याला झाडाला लटकावतो, तेव्हा तो आपण न्याय करीत असल्याचा आव आणीत असला तरी जग फसत नाही. परंतु तीच गोष्ट कमानीखाली, शपथेच्या साक्षीने, न्यायाधीशाच्या देखत झाली म्हणजे तिला कायद्याचा पोशाख चढतो. खून रात्री अंधारात झाला. त्याची मान्यता दिवसाढवळ्या झाली. मनोऱ्याची उंची या कामी आली, भिंतींची जाडी या कामी आली. मग अशा वास्तूबद्दल आदर बाळगणे म्हणजे चोराच्या अंगरख्याचे कौतुक करणे नव्हे काय? हा आक्षेप हलक्या हाताने झटकून टाकण्यासारखा नाही. न्यायालयाच्या भव्यतेने दिपून जाऊन आत काय चालले आहे याची विचारपूस न करण्याची सवय सर्वच देशांतील सुशिक्षितांना असते, आणि आपणही तिला अपवाद नाही.

दुसरा विचार आपल्या परंपरेतून येतो. न्याय माणसात असतो, इमारतीत नसतो, असे आपण म्हणतो आणि रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव घेतो. नारायणरावाच्या वधाबद्दल प्रत्यक्ष राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगताना त्यांच्या डोक्यावर कोणता मनोरा होता, पुढे कोणता कठडा होता? हे खरे आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र सावधपणे काढला पाहिजे. रामशास्त्र्यांचे नाव दोन-अडीचशे वर्षे आपल्या ओठांवर आहे, याचा अर्थच असा की तसा पुरुष वारंवार जन्मास येत नाही. आणि त्यांचा तो निर्णय अमलात आला नाही, हेही विसरून चालणार नाही. जो समाज आपला न्याय केवळ थोर पुरुषांच्या भरवशावर सोडतो, तो दोन थोर पुरुषांच्या मधल्या काळात अनाथ असतो. सामान्य माणसाच्या हातून न्याय व्हावयाचा तर त्याला काही चौकट लागते. कोणी कोठे बसावे, कोणी कोणत्या क्रमाने बोलावे, कोणी केव्हा गप्प राहावे, हे आधी ठरलेले असावे लागते. न्यायालयाची इमारत ही त्या चौकटीचे दृश्य रूप होय.

समनरच्या दालनात या चौकटीने काहीच केले नाही असे म्हणता येईल काय? मला तसे म्हणवत नाही. न्यायाधीश कर्टिस स्वँगो यांनी कामकाज समतोलपणे चालविले असे बाहेरून आलेल्या बातमीदारांनीही नमूद केले आहे. दुकानदाराच्या पत्नीची साक्ष त्यांनी ज्यूरीच्या गैरहजेरीत ऐकली, कारण खुनाच्या आरोपाशी तिचा संबंध त्यांना मान्य नव्हता. याहून महत्त्वाची गोष्ट मोझ राइट यांची. त्या वृद्धाला गावच्या रस्त्यावर उभे राहून मायलमकडे बोट दाखविता आले असते काय? ते बोट उचलले गेले ते त्या खुर्चीपाशी, त्या कठड्याच्या आत. एका कृष्णवर्णीय शेतकऱ्याला प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर सर्वांनी निमूटपणे ऐकून घेतले, ही गोष्ट त्या मुलखात त्या एकाच जागी शक्य होती. तो शब्द लिहून घेतला गेला. खटल्याचे ते टिपण पुढे कित्येक वर्षे कोणाच्याच हाती नव्हते. २००४ मध्ये चौकशी पुन्हा सुरू झाल्यावर त्याची एक पुसट प्रत मध्यवर्ती तपासखात्याला मिळाली. ज्यूरीने सत्याला नाकारले. परंतु सत्य सांगितले गेले आणि नोंदले गेले, हे त्या चौकटीचे देणे होय. विजय मिळवून देणे तिच्या हाती नव्हते. जागा देणे तिच्या हाती होते, आणि ती तिने दिली.

मग पाप कोठे घडले? मनुस्मृतीत राजसभेचे वर्णन करताना एक मार्मिक कल्पना आली आहे. अधर्माचा बाण लागलेला धर्म सभेत येतो. सभासदांनी तो बाण उपटून काढला नाही तर त्या जखमेचे धनी ते स्वतः होतात. म्हणजे अन्यायी निवाड्याने केवळ फिर्यादी घायाळ होत नाही. सभाच घायाळ होते. समनरला हे वचन लावताना मात्र 'सभासद' म्हणजे ते बारा पुरुष एवढाच अर्थ घेणे पुरेसे होणार नाही. ज्यूरीतून कृष्णवर्णीयांना कायद्याने वगळणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८० सालीच दिलेला होता. म्हणून मिसिसिपीने दुसरी वाट काढली. १८९० च्या राज्यघटनेने मतदानासाठी एक कर आणि एक साक्षरतेची परीक्षा लावली आणि परीक्षा घेण्याचे काम स्थानिक कारकुनाच्या मर्जीवर सोपविले. हा कारकून न्यायालयाचाच नोकर आणि त्याची कचेरी न्यायालयाच्याच इमारतीत! नाव नोंदविण्यास आलेल्या कृष्णवर्णीयाला तो परत पाठवी. आणि यादीत नाव नाही म्हणून ज्यूरीत जागा नाही. अर्थात न्यायाचा घात १९५५ च्या सप्टेंबरात वरच्या मजल्यावरील दालनात झाला असे जगाला दिसले. वस्तुतः तो कित्येक वर्षे रोज थोडा थोडा, त्याच छपराखाली, एका नोंदवहीच्या टेबलापाशी होत आला होता.

मला या सर्व प्रकरणात ही गोष्ट सर्वांत विचारार्ह वाटते. आपण न्यायमंदिर म्हणतो तेव्हा आपली नजर गाभाऱ्याकडे, म्हणजे उंच आसनाकडे आणि शपथेच्या ग्रंथाकडे असते. ओसरीवर काय चालते याकडे आपण पाहत नाही. परंतु गाभाऱ्यात कोणाला जाता येईल ते ओसरीवर ठरते. कोणाचे नाव यादीत घ्यावयाचे, कोणाला उद्या या म्हणावयाचे, कोणाचा अर्ज अपुरा ठरवावयाचा, या क्षुद्र वाटणाऱ्या क्रियांतून न्याय किंवा अन्याय आधीच शिजलेला असतो. वर तो फक्त वाढला जातो. समनरच्या बारा पुरुषांना दोष देणे सोपे आहे, आणि तो दोष त्यांचा आहेच. पण त्या नोंदवहीकडे पाहून ज्यांनी वर्षानुवर्षे काही म्हटले नाही ते भले, सुशील, चर्चला नियमाने जाणारे लोक सभासद नव्हते काय?

आता शेवटचा प्रश्न. वचन मोडलेल्या इमारतीचे काय करावे? कित्येक वर्षे समनरने जे केले ते सर्वत्रच माणसे करतात: ते गप्प राहिले. १९७० नंतरच्या दशकात दालनाची दुरुस्ती झाली आणि त्याचे जुने रूप पालटले. पुढे काळ बदलला. १९६५ च्या मतदानहक्काच्या कायद्यानंतर नोंदवहीत हळूहळू नवी नावे आली. काउंटीच्या कारभारी मंडळाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष जेरोम लिटल यांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय व गोऱ्या नागरिकांची एक संयुक्त समिती स्थापन झाली. आणि २ ऑक्टोबर २००७ रोजी न्यायालयासमोर उभे राहून, एमेट टिलच्या आप्तांच्या देखत, या काउंटीच्या हातून न्याय झाला नाही अशी जाहीर कबुली देण्यात आली. त्यानंतर कोर्टाचे दालन पुन्हा १९५५ साली होते तसे करण्यात आले. २०२३ साली ही इमारत राष्ट्रीय स्मारकाचा एक भाग म्हणून घोषित झाली.

दालन सुधारण्याऐवजी ते लाजिरवाण्या दिवशी होते तसे परत करावयाचे, हा उपक्रम वरवर पाहता विचित्र वाटेल. जखम झाकून ठेवावी, असे शहाणपण सांगते. काहींना तर असेही वाटेल की, ती वास्तू पाडून तेथे बाग करावी. परंतु ऋणको जर प्रामाणिक असेल तर तो खत जाळीत नाही. इमारत हे वचन असेल, तर मोडलेले वचन म्हणजे थकलेले ऋण. आणि थकलेल्या ऋणाचा कागद जपून ठेवणे हेच ते फेडण्याच्या इच्छेचे पहिले लक्षण. इमारत पाडली असती तर ऋण फिटले नसते, फक्त पुरावा नाहीसा झाला असता. मुलाचे प्रेत नदीकाठी जेथे मिळाले असे मानतात, तेथे २००८ मध्ये लावलेली स्मृतिपाटी कोणी चोरून नेली, तिच्या जागी लावलेल्या पाट्यांवर पुनःपुन्हा गोळ्या झाडल्या, आणि अखेरीस २०१९ मध्ये गोळी न भेदणारी पाटी लावावी लागली. कागद फाडू पाहणारे अद्याप आहेत, याला याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

मराठी वाचकाला येथे एका गोष्टीचे स्मरण झाल्याखेरीज राहणार नाही. १९०८ साली मुंबईच्या हायकोर्टात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. तेथेही ज्यूरी होती. नऊ जणांपैकी सात युरोपियन, दोन हिंदी. आणि निर्णयही सात विरुद्ध दोन असाच पडला. तेथेही भव्य गॉथिक कमानी होत्या. ज्यूरीच्या निर्णयानंतर, मानवी न्यायासनाहून श्रेष्ठ अशा शक्तीचा हवाला देऊन, टिळक जे बोलले ते पुढे १९५६ साली, समनरच्या खटल्याच्या दुसऱ्याच वर्षी, मुख्य न्यायाधीश छागला यांच्या हस्ते त्याच दालनाबाहेर शिलेवर कोरून लावण्यात आले. ज्या न्यायालयाने एका मनुष्याला दोषी ठरविले, त्यानेच त्याचे उत्तर आपल्या भिंतीवर धारण करावे, हा प्रकार लहान नव्हे. दोन प्रकरणांत साम्य आहे तसा भेदही आहे. मुंबईत परक्या सत्तेने केलेल्या अन्यायाची नोंद स्वकीयांनी केली. ते तुलनेने सोपे होते, कारण पाप दुसऱ्याचे होते. समनरला आपल्याच वाडवडिलांचे नाव घ्यावे लागले. आपल्या न्यायालयांच्या भिंतींवर, आपणच आपल्या माणसांवर केलेल्या अन्यायांच्या शिला किती लागल्या आहेत, हा प्रश्न त्यामुळे वाचकाने स्वतःशीच विचारावा हे बरे.

मात्र एक इशारा दिल्यावाचून हा विचार पुरा होणार नाही. ऋण कबूल करणे म्हणजे ते फेडणे नव्हे. स्मारक उभारले, क्षमा मागितली, दालन पूर्ववत केले, आता आपण मोकळे झालो, अशी समजूत होण्याचा धोका असतो. त्या मुलाला न्याय मिळाला नाही आणि आता तो मिळणेही शक्य नाही. मारेकरी मेले, ज्यूरी मेली, आणि उघड्या शवपेटीपाशी उभी राहिलेली ती आईही २००३ साली निवर्तली. मेलेल्याचे देणे मेलेल्याला देता येत नाही. मग ते कोणाला द्यावयाचे? याचे उत्तर त्या इमारतीनेच दिले आहे असे मला वाटते. समनरचे न्यायालय हे संग्रहालय झालेले नाही. ते न्यायालयच राहिले आहे. ज्या दालनात मोझ राइट उभे राहिले, त्याच दालनात आजचा साक्षीदार उभा राहतो, आजची ज्यूरी बसते. थकलेले ऋण फेडावयाचे ते पुढच्या फिर्यादीला, पुढच्या आरोपीला, ओसरीवर नाव नोंदविण्यास आलेल्या पुढच्या अनोळखी मनुष्याला.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे द्यावेसे वाटते. न्यायमंदिर खोटे बोलत नाही. ते आपल्या वतीने शब्द देते आणि मग आपल्याकडे पाहत राहते. त्याची उंची हा आपल्या सद्गुणाचा पुरावा नव्हे. आपण किती रकमेचे देणेकरी आहो एवढेच ती दाखविते. देवता त्या दगडविटांत नसते. पण आपल्या समोरचा निराधार मनुष्य बोलत असताना आपण त्याचे ऐकून घेतो की नाही, त्याचे नाव वहीत लिहितो की नाही, यावर ती तेथे येते किंवा येत नाही. आणि हे रोज नव्याने ठरत असते.